व्हिक्टरच्या सातव्याची मिस्सा

कल्याणजवळच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, फेलिशिया टीचरांचा तास म्हटला की धाकटे ब्रदर मागचे बाक पकडायचे. नौपाड्याच्या शाळेत मुलांना मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर एका रविवारी चर्चमध्ये त्यांनी शास्त्रवाचन केलं, ते सेमिनरीच्या रेक्टरांनी ऐकलं आणि विचारलं, "आमच्या मुलांना प्रवचन करायला शिकवाल का?" स्वतः त्यांना मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन करता येणार नव्हतं. तो मान फादरांचा आणि फादर होऊ घातलेल्या डीकनांचा. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं बोलून तरी दाखवलं नाही.

त्यांची रीत साधी होती. मुलगा माईकपाशी उभा राहायचा आणि टीचर पहिल्या बाकावर, त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. "मला खोटं वाटलं की मी हात वर करीन," त्या सांगायच्या. "मग थांबायचं आणि ते वाक्य टाकून द्यायचं." काही मुलांची अख्खी प्रवचनं अशी गळून जायची.

व्हिक्टर गेला त्या आठवड्यात मात्र त्यांनी सुट्टी घेतली होती. व्हिक्टर त्यांच्या भाचीचा, क्रिस्टीनाचा, एकुलता एक मुलगा. क्रिस्टीनाचे आईवडील लवकर गेले, तेव्हा तिला टीचरांनीच वाढवलं होतं. त्यामुळे व्हिक्टर त्यांना आजीच म्हणायचा. मोटरसायकलवर तो मागे बसला होता आणि पुढे शेजारच्या आगरी गोविंदाचा मुलगा हर्षित. दोघं लहानपणापासूनचे जिवलग. कल्याण-शीळ रस्त्यावर हर्षितने ट्रकच्या डावीकडून गाडी काढली आणि ती घसरली. व्हिक्टर जागीच गेला. हर्षित वाचला.

टीचरांच्या खाडीकडच्या गावात ख्रिस्ती आणि आगरी घरं भिंतीला भिंत लावून राहिलेली. मिठागरं होती तेव्हा बापजाद्यांनी एकत्र मीठ ओढलेलं. पण दफनाच्या संध्याकाळी कोणीतरी गोविंदाच्या खिडक्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी गोविंदाचे पुतणे काठ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसले. पोलीस येऊन समज देऊन गेले, तरी दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे बघत नाक्यावर उभीच असायची.

सातव्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी डीकन रॉड्नी टीचरांकडे आला. तो त्यांचाच विद्यार्थी, पुढच्या वर्षी फादर होणारा, आणि नुकताच त्यांच्या चर्चमध्ये फादर बॉस्कोंच्या हाताखाली कामाला लागलेला. हातात कागद होते.

"फादर बॉस्कोंनी मला बोलायला सांगितलंय, टीचर. क्षमेवर बोल म्हणाले. नाहीतर गावात रक्त सांडेल म्हणाले."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"तुम्ही ऐकल्याशिवाय मी कधी बोललोय का?"

त्या खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. रॉड्नीने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. सुरुवात बरी होती. मग वाक्य आलं, 'आज व्हिक्टर आपल्याला क्षमा करायला सांगतो आहे.' टीचरांचा हात वर गेला.

रॉड्नी थांबला. मग हळूच म्हणाला, "टीचर, खोटं वाटलं, की नको वाटलं?"

टीचर गर्रकन वळल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "नीघ तू," त्या म्हणाल्या. "उद्या तुला जे बोलायचं ते बोल."

तो गेल्यावर त्यांनी स्वतःलाच तो प्रश्न विचारला. हर्षित समोर आला असता तर आपण काय केलं असतं, या विचारापाशी येऊन त्या उठल्या आणि खुर्ची परत जागेवर लावली.

मिस्सेला चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावर क्रिस्टीना, तिचा नवरा जेरोम आणि टीचर. दाराशी गावची पोरं हाताची घडी घालून उभी. बायबलमधलं शुभवर्तमान वाचून झालं, लोक खाली बसले आणि रॉड्नी बोलायला लागला. दोन वाक्यं झाली असतील, तोच मागे कुजबुज उठली. टीचरांनी मान वळवली. गोविंदा आणि त्याची बायको तुळसा दारातून आत येत होती. गोविंदाच्या अंगावर लग्नकार्याचा पांढरा सदरा होता. तुळसाने डोक्यावरून पदर घेतला होता. दोघं शेवटच्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली.

जेरोम उभा राहिला. "यांना कोणी बोलवलं?"

दारातली पोरं पुढे सरकली. त्यातल्या एकाने दार लोटून घेतलं, तसा गोविंदा अर्धवट उठला.

रॉड्नीने टीचरांकडे पाहिलं. अडचणीत सापडलात तर गर्दीकडे बघू नका, एकाच चेहऱ्याकडे बघा, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पण त्यांना ना मान हलवता आली, ना नजर. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची फळी घट्ट धरून ठेवली.

"मी बोलवलं," रॉड्नी माईकवर म्हणाला. "जेरोमदादा, त्यांना मी बोलवलंय. राग काढायचा तर माझ्यावर काढा."

ते साफ खोटं होतं. सकाळपासून तो चर्चमध्येच होता आणि काल कोणाला बोलवायचं त्याच्या मनातही नव्हतं, हे टीचरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी हात वर केला नाही.

रॉड्नी माईक सोडून खाली उतरला आणि मधल्या वाटेने चालत जाऊन गोविंदाच्या बाकापाशी, पोरांच्या आणि त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. जेरोम त्याच्या मागोमाग गेला. त्याने रॉड्नीच्या झग्याची बाही पकडली. आता हात उचलतो की काय, म्हणून बायका ओरडल्या.

"जेरोम, ये इकडे. बस."

क्रिस्टीना बोलली होती. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. "माझ्या पोराची मिस्सा आहे. मला ती पुरी होऊन पाहिजे."

जेरोमने बाही सोडली. तो परत आला आणि ओंजळीत तोंड घालून बसला. दारातल्या पोरांना एका म्हाताऱ्याने दटावून बसवलं. रॉड्नी वेदीकडे परतला आणि त्याने कागद उलटे करून ठेवले.

"क्षमेवर बोलायचं असं लिहून आणलं होतं," तो म्हणाला. "ते मी बोलणार नाही. तो अधिकार माझा नाही. आपण व्हिक्टरसाठी प्रार्थना करूया."

प्रवचन तेवढंच झालं.

मिस्सा संपल्यावर टीचर आवारात आल्या. गोविंदा रिक्षा बघायला गेला होता. तुळसा एकटी भिंतीशी उभी होती. टीचर तिला टाळून पुढे निघाल्या, पण तिने हाक मारली.

"बाय, पोराला अजून सांगलं नाय आमी."

"काय सांगितलं नाही?"

"विक्टर गेला ते. रोज इचारतो, विक्टर कंच्या वॉर्डात हाय. आमची जीभ वळत नाय. तुमी सांगाल? तुमी बोलायला शिकवता ना लोकांना."

टीचरांना संताप आला. माझ्याच नातवाचं मरण मीच जाऊन सांगू? आणि कोणाला? पण रिक्षा आली तेव्हा त्या आत बसल्या.

हॉस्पिटलात हर्षितचा पाय सळई घालून बांधलेला होता. टीचरांना पाहून त्याचा चेहरा उजळला. "आजी! व्हिक्टर कुठाय? हे लोक मला फोनपण देत नायेत."

टीचर पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या. "हर्षित, व्हिक्टर गेला. जागच्या जागी गेला. आज त्याचा सातवा."

त्याने आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी मी चालवत होतो."

"हो. तू चालवत होतास."

"क्रिस्टीना काकू काय बोलली?"

"ती रागावली आहे. मीही रागावले आहे." त्यांनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "म्हणून तर मला इथे यायचं नव्हतं."

हर्षितने उशीत तोंड खुपसलं. तो असा ओरडला की नर्स धावत आली. टीचर उठल्या नाहीत. त्याचं अंग हलायचं थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि त्यांचेही डोळे वाहत राहिले. या सात दिवसांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

हॉस्पिटलची भेट क्रिस्टीनाला कळली आणि तिने आपल्या आत्याशी, टीचरांशी, बोलणं टाकलं. हाक मारली तरी ती आतून कडी लावून घ्यायची. सेमिनरीत रॉड्नी भेटला तेव्हा टीचर म्हणाल्या, "माईकवर खोटं बोललास."

"हो टीचर. फादरांपुढे कबूल करून कन्फेशन केलंय."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. कन्फेशनला म्हणाल्या की खोट्याला, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी गाव दफनभूमीत जमलं. व्हिक्टरच्या थडग्याशी क्रिस्टीना मेणबत्त्या लावत होती. टीचर जरा लांब उभ्या होत्या. फाटकाबाहेर कुबड्या घेऊन हर्षित उभा होता. जेरोमने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

क्रिस्टीनाने काडी विझवली. इतक्या महिन्यांनी ती आत्याशी बोलली, तेही मान वर न करता.

"त्याला म्हणावं, आत ये. तिकडे ऊन आहे."

टीचर फाटकाकडे चालू लागल्या.