पिस्कॅटवेतले थोरले महाराज

न्यू जर्सीतल्या मराठी माणसांना पेशव्यांखालोखाल कोणतं घराणं माहीत असेल, तर ते व्हिएतनामचं त्रान राजघराणं, आणि याला एकटे आमचे शेजारचे काका जबाबदार आहेत. २००२ साली मी नागपूरहून पिस्कॅटवेला आलो तेव्हा मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. चार महिने निवृत्त काकाच मला ऑफिसला सोडायचे. पुढे गाडी शिकवलीही त्यांनीच. त्यांच्या एका व्हिएतनामी सहकाऱ्यानं कधीतरी इतिहासाचं पुस्तक भेट दिलं होतं. ते सगळं त्या गाडीत माझ्या कानात रिकामं झालं. "हे त्रान मूळचे कोळी रे! ली घराण्याच्या गादीवर सात-आठ वर्षांची पोर. यांनी घरातल्या तेवढ्याच पोराशी तिचं लग्न लावलं, तिनं नवऱ्याला गादी दिली, खलास! तलवार उपसली नाही." नंतर ली मंडळींचं काय झालं, असं विचारलं की काकांना नेमका आपला एक्झिट दिसायचा.

मंगोलांना या घराण्यानं तीनदा परतवलं. जवळच्या आयसेलिनच्या उडपी हॉटेलात काकांनी नदीत ठोकलेले खुंट म्हणून सांबाराच्या वाटीत टूथपिक उभ्या केल्या, मंगोलांची जहाजं म्हणून वड्याचे तुकडे सोडले आणि "ही ओहोटी" म्हणत सांबार पिऊन टाकलं. जहाजं खुंटांवर अडकली. वेटर घाबरून म्हणाला, "सांबार ठीक नहीं है क्या, अंकल?"

पण काकांचा खरा जीव त्या राजांच्या एका रिवाजावर होता. मुलगा हाताशी आला की हयातीतच त्याला गादी द्यायची आणि आपण थोरले महाराज होऊन सल्ला द्यायचा. "हातपाय धड आहेत तोवर सोडायचं! आपल्याकडे सोडतं का कुणी?" हे ते स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून सांगत.

२००७ मध्ये काकांची नजर अधू झाली. एका संध्याकाळी त्यांनी गाडीनं माझी टपालपेटी मुळासकट आडवी केली. काकू म्हणाल्या, "आता चावी ठेवा." काकांनी आठवडाभर अबोला धरला. शेवटी काकू माझ्याकडे आल्या. "तूच सांग रे ह्यांना. उद्या एखादं पोर आडवं आलं तर?"

मी गेलो. मला दुसरं काही सुचेना. विचारलं, "काका, त्रान राजे गादी सोडायचे ते डोळे गेल्यावर की आधी?"

 रविवारी सकाळी दारात येऊन काकांनी माझ्या हातावर चावी ठेवली. "चल, आयसेलिनला भाजी आणायचीय. आजपासून तू चालव."

ते शेजारी बसले. आता लेन बदल, सिग्नल दे, असा सल्ल्यांचा भडिमार होणार म्हणून मी तयारीत होतो. पण ते गप्पच होते. मला ते सहन होईना. भाजीच्या दुकानांकडे जाणारं ओक ट्री रोडचं वळण मी मुद्दाम चुकवलं, निदान ओरडतील म्हणून.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असू दे. पुढूनही रस्ता असेल."