ज्याचं नाव त्याले

आमच्या दवाखान्यात कोणाचाही ईमेल परत आला की बोलणी एकाच माणसाला बसायची. परत आलेल्या मेलवर पाठवणाऱ्याच्या जागी 'पोस्टमास्टर' असं छापलेलं असे, आणि मेलचं काम बघणारा आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसात एकच माणूस होता. मग काय, मेट्रनबाई तावातावानं त्यांच्या खोलीत शिरायच्या. "काऊन हो, मी लिहिलेलं तुम्ही वापस काऊन केलं?" ते बिचारे म्हणायचे, "माफ करा बाई, पाहतो." पत्त्यात एखादं टिंब राहिलेलं असे, ते दुरुस्त करून द्यायचे. त्यांना पोस्टमास्तर हे नाव पडलं ते असं.

या नावाला ते हसून ओ देत. पण फोन उचलला की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं शाळेत हजेरी दिल्यासारखं पूर्ण सांगायचे. मी शेजारच्या खोलीत, हिशोब विभागात. एकदा चिडवलं, "भाऊ, तुमचं नाव होईपर्यंत समोरचा चहा पिऊन येते." म्हणाले, "येऊ द्या ना बाई. अर्ध्या नावानं माणूस अर्धाच पोहोचते."

आमचा सर्व्हर, म्हणजे मेलचं मुख्य मशीन, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालायचा. लिनक्सचे भाऊबंद पुष्कळ. गाभा एकच, नावं निराळी. पोस्टमास्तरांनी एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यातलंच एक घेतलं आणि पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आलापल्लीच्या आमच्या जंगलातल्या दवाखान्यातून पेशंटचे कागद त्याच मशीनवर यायचे आणि इथले डॉक्टर सल्ला द्यायचे.

मग एका देणगीदारानं मेलचं विकतचं, भारी सॉफ्टवेअर पाठवलं. साहेबांनी पोस्टमास्तरांना बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत हे चालू करा. नाहीतर सगळं काम नागपूरच्या कंपनीला देतो. मग तुमची जागा ठेवण्यात अर्थ नाही." पोस्टमास्तर "बरं साहेब" म्हणाले आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी घेऊन खोलीत गेले. त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्या दिवशी त्यांचा डबा न उघडताच घरी गेला.

सॉफ्टवेअर काही बसेना. पहिल्याच पायरीवर ते मशीनला लिनक्सचं नाव विचारी आणि आपल्या दोन-तीन मानकऱ्यांपैकी नसलं की तिथूनच परत पाठवी. कंपनीला फोन केला तर "तुमचं लिनक्स आम्ही चालवत नाही" एवढंच उत्तर. पोस्टमास्तरांनी खोदून खोदून शोधलं, तेव्हा कळलं की ते फक्त एका फाइलमधली एक ओळ वाचतं. त्या ओळीत मशीनच्या लिनक्सचं नाव असतं.

"आत काय आहे ते पाह्यतच नाई," ते म्हणाले. "दारावरच नाव इचारून राह्यलं."

"मग बदला ना नाव!" मी म्हटलं. मला वाटलं, सुटलं कोडं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाई, चिमूरहून नोकरीले आलो तवा खोली पाहत फिरत होतो. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं का खोली भरलेली निघे. दोस्त म्हणे, दुसरं आडनाव सांग, कोण पाह्यते? नाई सांगितलं मी. गावाबाहेर राह्यलो, सायकल हाणली. अन् आता याले खोटं नाव घ्याले लावू?"

"भाऊ, ते मशीन आहे."

"मशीनच आहे. पण नाव तर आहे ना त्याले."

मला हसू आलं नाही. दोन दिवस ते त्या मशीनसमोर नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी, महिना संपत आलेला, चहा पिऊन आले आणि एका दमात ती ओळ बदलली. सॉफ्टवेअर मुकाट आत शिरलं. किरकोळ अडलं तिथं पोस्टमास्तरांनी हात दिला. दुपारी आलापल्लीच्या सिस्टरचा मेल आला, "पोहोचलं का?" साहेब खूश, आम्ही टाळ्या वाजवल्या. नोकरी वाचली होती. पण सिस्टरला उत्तर देण्याआधी पोस्टमास्तरांनी ती फाइल उघडून जुनं नाव परत लिहिलं. मेल चालूच राहिला.

"आत शिराले खोटं लागलं. नांदाले खरं चालते," ते म्हणाले. "ज्याचं नाव त्याले."

पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की दर वेळी हाच सोहळा. निवृत्तीच्या आधी त्यांनी मला ती फाइल उघडायला शिकवलं. "एवढं येऊ द्या बाई." संगणकातलं मला आजही तेवढंच येतं. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार, पण खोटं नाव तसंच ठेवून मोकळा व्हायचा. मी मागून जाऊन बदलायची. चिमूरहून पोस्टमास्तरांचा फोन यायचा, "दिलं का वापस?" "दिलं, भाऊ."

एका हिवाळ्यात फोन वाजला. पलीकडून कोणीतरी पूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मधलं नाव पोस्टमास्तरांचं होतं. मुलगा बोलत होता. पुढचं त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं आणि मी रडायला लागले.

त्यानंतर नवी आवृत्ती आली, तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. सगळे जेवायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले, नाव परत लिहिलं, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "दिलं, भाऊ."