बरणीबाहेरचा समुद्र

आमच्या यांनी एकतीस वर्षं समुद्र बरण्यांत पाहिला. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. तारामासा, समुद्रघोडा, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा, काकडीसारखा एक लठ्ठ प्राणी, सगळे फॉर्मॅलिनमध्ये बुडवून कपाटात ओळीने ठेवलेले. बरण्या पुसायच्या, लेबलं बदलायची, पातळी उतरली की भर घालायची, हे यांचं काम. घरी आले की अंगाला तोच वास. मी दारातच म्हणायची, आधी आंघोळ, मग चहा.

फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकत नाहीत. यांच्या कपाटातले सगळे जीव भिजवलेल्या साबुदाण्याच्या रंगाचे होते. "खरे कसे दिसत असतील गं?" असं ते मला विचारायचे. जणू मी प्राथमिक शाळेतली बाई नव्हते, समुद्रातच लहानाची मोठी झाले होते. कोकणात आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाला. समुद्र एसटीच्या खिडकीतून दिसला तेवढाच.

निवृत्त झाले आणि काचबिंदू निघाला. फार उशिरा कळलं. डावा डोळा गेलेलाच होता, उजव्यात मधोमध एक लहानशी खिडकी उरली होती. डॉक्टर पुण्याचेच, त्यामुळे आडपडदा नव्हता. म्हणाले, "औषध चालू ठेवा. आणि जे बघायचं राहिलंय ते यंदाच बघून घ्या."

हे घरी आले, दोनशे पानी वही काढली आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत यादी करायला बसले. बरणीत जे जे पाहिलं, ते जिवंत बघायचं. जागाही ठरली, अंदमानातल्या एका बेटावरचं छोटं गाव. मी वहीत डोकावले तर झाकून धरली. "परीक्षेचा पेपर आहे. आधी बघायचा नाही." फक्त शेवटचा आयटम सांगितला, कारण तो सांगितल्यावाचून त्यांना राहवेना. तिथल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. रात्री पाणी ढवळलं की ते निळे उजळतात. "हे एवढं एकच बरणीत ठेवता येत नाही. मेलं की विझतं," म्हणाले. "अंधार लागतो मात्र."

कसब्यातल्या एका टूरवाल्याकडे गेलो. काउंटरवरचे गृहस्थ उत्साही होते. "काका, हटके पाहिजे ना? मग बनाना राइड घ्या. पाण्याखाली चालायची हेल्मेट आहेत. शिवाय आपला महाराज बरोबर असतो, दोन्ही वेळा आपलं जेवण, एकदा पुरणपोळी."

"पुरणपोळी खायला मी अंदमानला जाऊ?" हे म्हणाले. "कसब्यात काय कमी पडली? आपण फक्त तिकिटं काढून द्या."

तारीख यांनी आधीच ठरवली होती. तिकिटं हातात आली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. निघायचा दिवस पौष अमावास्या.

इथे मला माझं सांगायला हवं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वडील आजारी असल्याचं कळलं म्हणून मी लोणी काळभोरला माहेरी निघाले होते. तो दिवस अमावास्येचा होता. मी पोचले तेव्हा वडिलांना अंगणात ठेवलं होतं. आई रडता रडता एवढंच म्हणाली, "अवसेला कशाला निघालीस गं?" अवसेचा आणि मरणाचा संबंध नाही हे मला कळतं. चाळीस वर्षं मुलांना ग्रहणं शिकवली मी, चेंडू आणि बॅटरी घेऊन. पण आईचं ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर अमावास्येला मी पुण्याच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच टूरवाल्याकडे गेले. लगेचची शेजारशेजारची तिकिटं नव्हती, दहा दिवसांनंतरची होती. माघ शुद्ध दशमी. मी म्हटलं, उत्तम, द्या. घरी येऊन सांगितलं. वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार. रिक्षावाल्याशी मीटरवरून नदीपलीकडेपर्यंत वाद घालणारा माणूस तो. माझ्या सोमवारांना, चतुर्थ्यांना यांनी कधी टोमण्यावाचून सोडलं नव्हतं.

"बरं," म्हणाले फक्त. आणि वही घेऊन आत गेले. मीही किती मूर्ख, मला सुटल्यासारखं झालं.

बेटावर पहिले तीन दिवस आम्ही दोघं शाळेच्या सहलीला आल्यासारखे होतो. बाकीचे पर्यटक स्कूटरवर बसून फोटो काढत होते, आणि आम्ही ओहोटीच्या वेळी गुडघे सांभाळत खडकांतल्या डबक्यांपाशी वाकलेले. गावातला एक वाटाड्या बरोबर होता. कशाला हात लावायचा नाही, असं त्याने आधीच बजावलं होतं. हे डोळ्यातली ती खिडकी नेमकी जागेवर आणायला मान वाकडीतिकडी करायचे. पहिला तारामासा दिसला तेव्हा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघून घेतला. मग म्हणाले, "निळा आहे गं. मी एकतीस वर्षं पांढऱ्याला जपलं." शंखातला खेकडा चालू लागला तर हे त्याच्यामागे दोन पावलं वाकूनच गेले. पहाटे मासळीबाजारात नेलं मला. मी नाकाला पदर लावून उभी, आणि हे टोपलीतल्या एकेका माशाला कॉलेजातल्या नावाने हाक मारतायत. गावकऱ्यांच्या बोटीतून पलीकडच्या बेटावर गेलो तेव्हा उडणारे मासे दिसले. खिडकीत एकच मावला, पण मावला. रोज संध्याकाळी हे खोलीवर बसून चाचपडत वहीत बरोबरच्या खुणा करायचे.

चौथ्या दिवशी चमकत्या पाण्याची पाळी. मी होडीचं ठरवायला धक्क्यावर गेले, हे मागे बाकावर बसून होते. होडीवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "आज? इतनी चाँदनी में कुछ नहीं दिखेगा, माँजी. ये तो अमावस का खेल है. दस दिन पहले आते तो पूरा पानी जलता."

चतुर्दशीचा चंद्र नारळांच्या वर आला होता. खाली वाळूत टाचणी पडली असती तरी सापडली असती. "अंधार लागतो," एवढं यांनी सांगितलं होतं आणि रात्री अंधार असतोच असं मी धरून चालले होते. ग्रहणं शिकवणारी बाई! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

परत फिरून खरं सांगायला हवं होतं. मी होडीवाल्याला म्हटलं, यांना काही बोलू नका, न्या तसंच.

आत गेल्यावर त्याने वल्हं थांबवलं. यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि जोरात ढवळला. पाणी नुसतं चांदीसारखं हललं. निळं काही नाही, एक ठिपकासुद्धा नाही. हे मान वळवून वळवून शोधत होते. मग मला विचारलं, "दिसतंय का गं?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्या बोटांभोवती. निळं निळं."

"वा," म्हणाले. बराच वेळ हात पाण्यातच ठेवला होता. मी दुसरीकडे तोंड फिरवून रडले.

वैशाखात उजवी खिडकीही मिटली. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. आता वारज्याच्या घरात हे भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जातात आणि वाटेत माझ्या खुर्चीला अडखळले की म्हणतात, "फर्निचरची प्रदर्शनं लक्ष्मी रस्त्यावर भरवा." तेवढं शाबूत आहे.

परवा दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाले, "वही काढ. वाचून दाखव."

मी पहिल्यांदाच ती वही उघडली. ओहोटीची डबकी, खूण. शंखातला खेकडा, खूण. मासळीबाजार, उडणारे मासे, खूण, खूण. काही खुणा ओळी सोडून भलतीकडेच गेलेल्या. शेवटी लिहिलं होतं, चमकणारं पाणी. अमावास्येच्या आगेमागेच. चंद्र अजिबात नको. पुढची जागा रिकामी. आणि त्याच्याखाली, वाकड्या अक्षरांत, मी तिकिटं बदलून आले त्या दिवशीची तारीख घालून: "तिकिटं बदलली. तिला वडिलांचं आठवतं. बोलायचं नाही."

मी ते पुन्हा वाचलं. म्हणजे होडीतून पाण्यात हात घालताना, काही दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. मी दशमीचं नाव काढलं तेव्हाच माहीत होतं. शेवटचं एकच बघायचं होतं या माणसाला, आणि तो "बरं" म्हणून आत गेला.

"का थांबलीस?" हे म्हणाले. "शेवटचं काय आहे?"

"चमकणारं पाणी."

"त्याच्यापुढे खूण राहिलीय. कर."

"अहो, ते कुठे दिसलं..."

"तू सांगितलंस की मला. निळं निळं. कर खूण."

टेबलावर पेन होतं. मी खूण केली.

"केलीस?"

"केली."

"मला आवाज नाही आला," हे म्हणाले.

मग मी पेन दाबून पुन्हा ओढलं, त्यांना ऐकू जाईल असं, कागद फाटेपर्यंत.