शिंगवाला भिक्षू

लीड्सच्या रविवारच्या बाजारात एक जपानी बाई स्वतः रंगवलेली चित्रं विकायची. तिच्या देशात पूर्वी वाटसरू असली गमतीची चित्रं प्रवासाची आठवण म्हणून घरी न्यायचे, असं तिनेच सांगितलं. रंगवताना ती मान वर करायची नाही. पण गिऱ्हाईक हसलं, की तिचा हात आपोआप खाकी कागदाकडे जायचा.

मी हसलो तो एका राक्षसाला पाहून. अंगात भिक्षूची कफनी, गळ्यात घंटा, हातात देणगीची वही आणि डोक्यावर शिंगं मात्र तशीच. मला तर ते थेट आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षच वाटले. आरतीला डोळे मिटून उभे राहणार आणि डोळे उघडले, की आधी पावतीपुस्तक काढणार. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून पेन घेऊन शेजारी मीच उभा असतो, त्यामुळे मला हे चांगलं माहीत आहे.

"एका मित्राला द्यायचंय," मी म्हणालो.

"हे चित्र सगळे मित्रासाठीच नेतात, लव्ह," गुंडाळीला लाल दोरा बांधत ती इथल्या विक्रेत्यांच्या लाघवी सवयीने म्हणाली. "स्वतःसाठी अजून कुणी नेलं नाही."

लोकांचं मला हसूच आलं. घरी पोचेपर्यंत हसत होतो.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी ते अध्यक्षांना दिलं.

"अरे वा, मीही तुझ्यासाठी एक गंमत आणलीय," म्हणत त्यांनी पिशवीत हात घातला आणि खाकी कागदाची गुंडाळी बाहेर काढली. तिला लाल दोरा बांधलेला होता.