वडील बाहेरगावी असतात

मी ज्या वसतिगृहाच्या ऑफिसात बसते ते विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुली इथं राहतात. आमच्या वस्तीतल्या बौद्ध कुटुंबांनी एकत्र येऊन ते उभं केलं, त्यात माझे वडीलही होते. शाळेतली माझी क्लार्कची नोकरी संपली आणि मी इथं येऊन बसले. मुलींचे प्रवेश, मेसचा किराणा, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याची चौकशी आणि देणगीदारांच्या पावत्या, हे माझं काम.

पावत्यांसाठी आम्ही एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. सुरुवातीला मला त्याचं फार कौतुक वाटायचं. कुणी मोबाइलवरून देणगी दिली की आयकरासाठीची पावती आपोआप त्याला पोहोचायची. पूर्वी मार्च महिन्यात पावत्या लिहून लिहून माझं मनगट सुजायचं, ते बंद झालं.

मग एका सकाळी संगणक उघडला तर पडद्यावर रंगीत फुगे उडत होते. नवीन सुविधा आल्याची ती आनंदवार्ता होती. नेहमीची बटणं जागेवर नव्हती. पावतीचं बटण शोधण्यातच माझी सकाळ गेली. देणगीच्या रकमेत कंपनीसाठी ‘टिप’ आपोआप मिळवली जात होती, आणि ती नको असेल तर देणाऱ्यानंच शोधून काढायची होती. आम्हाला नेमानं देणगी देणाऱ्या एका निवृत्त कंडक्टरांनी फोन करून विचारलं, ताई, तुम्ही हॉटेल काढलं का? मी त्यांची माफी मागितली. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

सगळ्यात गाजावाजा होता तो आवाहन लिहून देणाऱ्या सुविधेचा. एखाद्या मुलीची थोडी माहिती आणि फोटो टाकायचा, बाकी मजकूर मशीन लिहिणार. आमच्या अध्यक्षांना ती फार आवडली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. माणूस सरळ, पण नवीन काही आलं की ते वापरलंच पाहिजे असा त्यांचा स्वभाव. वरच्या मजल्याचं छत गळत होतं, ते पावसाळ्याआधी करून घ्यायचं होतं. ते म्हणाले, आपण दोघं असं काय लिहिणार? मशीनला लिहू द्या.

मी कन्नड तालुक्यातल्या एका मुलीला विचारलं. ती नर्सिंगला होती, बोलायला मोकळी, अभ्यासात चांगली. ती लगेच हो म्हणाली आणि फोटोसाठी ड्रेसला इस्त्री करून आली. तिला विचारून मी माहिती भरली: आई शेतात मजुरीला जाते, वडील बाहेरगावी असतात, मुलीला नर्स व्हायचं आहे. तिचे वडील डिझेलचा टँकर चालवायचे. गुजरात, राजस्थान अशा फेऱ्या, घरी येणं कधीतरीच.

मशीननं क्षणात मजकूर दिला. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेली ही कोवळी कळी कित्येक रात्री उपाशी झोपते, असं त्यात होतं. आईचे डोळे पाणावलेले होते, घरात चूल पेटत नव्हती. मी दोनदा वाचलं. मेसच्या बाईंनी ते वाचलं असतं तर त्यांनी हातातला डाव टाकून थेट घरचा रस्ता धरला असता.

अध्यक्षांना दाखवलं. तेही चपापले. वडिलांचं तेवढं काढा, पण थोडं भावनिक राहू द्या, म्हणाले. मी ते वाक्य खोडलं. मशीननं मजकूर सुधारला आणि तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत परत आणलं. मी पुन्हा खोडलं. आता वडील नुकतेच देवाघरी गेले होते. तेवढ्यात गेटवर पाण्याचा टँकर आला, टाकी भरून घ्यायची होती, म्हणून मी ते तसंच अर्धवट ठेवलं आणि खाली गेले. कुणाला पाठवा असं मी मशीनला सांगितलं नव्हतं. उद्या सगळं पुसून स्वतःच लिहू, असं मनाशी ठरवून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहोचते तोच फोन वाजला. मुलीची आई होती.

“ताई, तुमच्याकडं काय निरोप आलाय का? ते कुठं हायेत, तेवढं सांगा.”

मला काहीच कळेना. हळूहळू उलगडा झाला. अर्धवट ठेवलेलं आवाहन रात्रीतून सगळ्या देणगीदारांना गेलं होतं. लोक मोबाइल बघतात ती वेळ साधून मजकूर आपणहून पाठवायचा, अशीही एक नवीन सुविधा होती, आणि ती कंपनीनं चालू करूनच दिली होती. आमच्या देणगीदारांत त्या मुलीचे गावाकडचे गुरुजी होते. त्यांनी वाचलं, फोटो ओळखला आणि सकाळीच तिच्या मामाला फोन केला, की एवढं झालं आणि कळवलंही नाही. मामा तसाच शेतावर बहिणीकडं गेला. नवरा टँकर घेऊन निघालेला, त्याचा फोन बंद. मुलगी हॉस्पिटलात वॉर्डावर, तिथं मोबाइल जमा करून घेतात. त्या बाईला जगात विचारायला उरलं होतं ते आमचं ऑफिस.

मी तिला सांगितलं की तसं काही झालेलं नाही, ही मशीनची चूक आहे. ती ऐकून घेत होती, पण पटत नव्हतं.

“मग लिहिलं कुणी?” तिनं विचारलं.

मशीननं लिहिलं, मी म्हणाले. माझं मलाच ते बोलणं ऐकवेना. असल्या गोष्टीत मशीन कशाला काही लिहील, असं तिला वाटत असणार. मला खरं माहीत आहे आणि मी लपवतेय, असंच तिनं धरलं. फोन ठेवताना ती रडतही नव्हती.

मी कंपनीशी बोलायला बसले. आधी पडद्यावरच्या खिडकीत लिहायचं होतं. आवाहन मागे घ्या, असं मी लिहिलं. तिथं उत्तर देणारंही मशीनच. त्यानं माझं अभिनंदन केलं, कारण आवाहनाला छान प्रतिसाद मिळत होता. खूप खटपट केल्यावर एका मुलीचा आवाज फोनवर आला. बोलणं अगदी गोड. गेलेले मेसेज परत घेता येत नाहीत, आवाहनाचं इंटरनेटवरचं पान काढायचं असेल तर विनंती टाका, वरिष्ठ बघतील, असं तिनं सांगितलं. पुन्हा मला विचारलं, मॅडम, एवढं चांगलं चाललेलं आवाहन नक्की बंद करायचंय का? मी म्हणाले, इथं एका जिवंत माणसाला तुम्ही मारलंय. ती म्हणाली, मी तुमची तक्रार नोंदवून घेते.

दुपार उलटून गेली तेव्हा वडिलांचा फोन लागला. टँकर भरायला लागला होता, आणि त्या डेपोत गेटवरच मोबाइल काढून घेतात. त्यांनी बायकोला फोन केला तर तिला बोलताच येईना. शेवटी मामानं सगळं सांगितलं.

संध्याकाळी मुलगी ड्युटीवरून आली. बाहेरून काही कळण्याआधी मीच तिला सांगितलं आणि मजकूर दाखवला. तिनं उभ्यानंच वाचला. आईशी बोलली. मग माझ्याकडं येऊन म्हणाली, “मॅडम, मी उपाशी झोपते असं मी कधी म्हणाले?” कधीच नाही, मी म्हणाले. ती खोलीत गेली आणि जेवायला खाली आली नाही. मी ताट वर पाठवलं, ते परत आलं.

अध्यक्षांशी माझं जोरात वाजलं. पान काढू, पण दोन दिवस थांबू, असं त्यांचं म्हणणं होतं. छताचं काम मार्गी लागतंय. खोटं आपण बोललेलो नाही, मशीन बोललं. मी म्हणाले, खाली नाव आपल्या वसतिगृहाचं आहे. त्यावरही ते हो म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत मला त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता.

पुढच्या फेरीला मुलीचे वडील आले. टँकर बायपासला उभा करून रिक्षानं आले होते. जयभीम करून समोर बसले. मी आरडाओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. अध्यक्षही शेजारीच होते. त्या माणसानं आधी पाणी मागितलं.

“ताई, मी घरी नसतो, हे खरंय,” ते म्हणाले. “पण नसणं आन मरणं एक हाये का?”

 मग त्यांनी सांगितलं की त्यांना भांडायचं नाही. ज्यांना ज्यांना पहिलं गेलं त्या सगळ्यांना दुसरं गेलं पाहिजे, आणि त्यातला मजकूर ते स्वतः सांगणार. मी लिहून घेऊ लागले. मी या मुलीचा बाप, टँकर चालवतो. पोरगी हुशार हाये. माझ्या कमाईत शहरातली खोली परवडत नाय म्हणून ती इथं राहते. ती उपाशी झोपत नाय, तिची आई बी झोपत नाय. छत गळतंय हे खरंय, जमलं तर मदत करा. त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मी बदलला नाही.

टाइप होताच पडद्यावर लाल पट्टी आली. त्यांनी विचारलं, काय म्हणतंय? मी वाचून दाखवलं, की या मजकुराचा परिणाम कमी आहे, दुःखाचा उल्लेख वाढवा.

ते पडद्याकडं बघत राहिले. “अजून किती वाढवायचं?”

अध्यक्ष उठले, त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, चुकलं आमचं. मग मला म्हणाले, पाठवा, आणि ते पान आत्ताच्या आत्ता काढा. पान निघायला मात्र कंपनीनं आणखी आठवडा घेतला. तोवर त्या माणसाच्या नसलेल्या मरणावर लोक देणग्या देत होते आणि मी एकेकाला फोन करून खरं सांगत होते.

गुरुजी स्वतः येऊन मुलीला भेटून गेले. काहींनी चांगली पत्रं पाठवली. पुण्याच्या एका गृहस्थांनी फसवणूक झाली म्हणून देणगी परत मागितली, ती आम्ही परत केली. वडील कमावते आहेत तर मदत कशाला हवी, असंही एकीनं विचारलं. तिला मी उत्तर लिहायला बसले आणि तीनदा खोडून तसंच सोडून दिलं. छत निम्मंच झालं. उरलेल्या भागाखाली त्या पावसाळ्यातही आम्ही बादल्या ठेवल्या.

सॉफ्टवेअर अजून तेच आहे. मी बदला म्हणाले, पण पावत्यांची सोय सगळ्यांना हवी आहे, आणि दुसऱ्या कंपन्याही हेच देतात असं अध्यक्ष सांगतात. आवाहनं आता मी हातानं लिहिते, छताबद्दल, पंख्यांबद्दल. मशीन दर वेळी विचारतं की मुलीचा फोटो का जोडला नाही. प्रतिसाद कमी येतो.

ती मुलगी शिकून बाहेर पडली. बिडकीनजवळच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. कधी शहरात आली तर भेटते, वडिलांच्या फेऱ्यांबद्दल सांगते. तिची आई मात्र पुन्हा कधी इथं आली नाही. मध्ये एकदा काही कागदासाठी मी तिला फोन केला. शेजारणीनं उचलला. म्हणाली, “वसतिगृहाचा नंबर दिसला की ती फोन माझ्याकडं देते आणि बाहेर जाऊन उभी राहते. काय असंल ते मला सांगा.”