पट्टीवरच्या रेघेपलीकडे

"हा चेहरा आमच्या आयचा नाय," असं म्हणून सुजातानं मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला.

सोबत तिचा धाकटा भाऊ मिलिंद होता. लेण्यांखालच्या कोंडाणे गावाहून दोघं कर्जतला माझ्या स्टुडिओत आले होते. आई गेली होती. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि बुद्धमूर्तीशेजारी टेबलावर ठेवायला आईचा मोठा फोटो हवा होता. फोटो एकच होता. तो फारच धूसर होता, म्हणून मिलिंदनं मोबाइलमधल्या अ‍ॅपनं साफ केला होता.

मी मोबाइल उलटून पाहिला. गाल गुळगुळीत, दातांची ओळ सरळ.

"आयचा पुढचा दात अर्धा हाय," सुजाता म्हणाली. 'होता' असं तिनं म्हटलं नाही.

"आधार कार्डावरचा फोटो?"

"तो बघून आयच म्हनायची, ही कोन चोरटी रं?"

मिलिंद पहिल्यांदा हसला. लेण्यांवर येणाऱ्या पर्यटकांना तो वाट दाखवतो. त्यातल्या एकाकडून त्यानं जुना कॅमेरा घेतला होता. मेमरी कार्ड त्यानं खिशातून काढून दिलं. मी मूळ फोटो संगणकावर उघडला. लावणीचे दिवस, पाणी भरलेलं शेत, बांधावर उभी असलेली बाई, मान मागे टाकून हसणारी. कंबरेच्या वरचा भाग पूर्ण चौकट भरून होता. पण चेहरा पाण्यातून पाहावा तसा.

"कुठून काढलास?"

"लेण्यांच्या वाटेवरनं. लय लांब. झूमची पट्टी पार शेवटाला नेली."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. झूम करताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक पट्टी सरकते. तिच्यावर मध्येच एक बारीक रेघ असते. रेघेपर्यंतचा झूम ऑप्टिकल. त्यात लेन्समधल्या काचा पुढेमागे होतात आणि लांबची वस्तू खरोखर मोठी होऊन आत येते. रेघेपलीकडचा झूम डिजिटल. त्यात काचा जागच्या हलत नाहीत. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. भाकरीचा मधला तुकडा तोडून तोच पुन्हा भाकरीएवढा थापावा, तसं. पीठ काही वाढत नाही.

हे मी मिलिंदला सांगितलं. बोलून गेल्यावर वाटलं, सांगितलं नसतं तर बरं.

"म्हंजे फोटो मीच बिघडवला."

"मंग कोनी?" सुजाता म्हणाली. "झूम झूम करत बसला. खाली उतरून चार पावलं जवळ गेला असतास, तर आयनं काय खाल्लं असतं तुला?"

"जवळ गेलो असतो तर तिनं पदर घेतला असता गं, ताय. तुला म्हाइत नाय? कॅमेरा दिसला की तोंडावर पदर. इतक्या लांबनं काढला म्हनून तर हसताना गावली."

सुजातानं डोळे पुसले. मग मला म्हणाली, "भाऊ, तुमीच कायतरी करा. पन तो मोबाइलवाला चेहरा नको."

कॅमेऱ्यानं जे टिपलेलंच नसतं, ते अ‍ॅप अंदाजानं भरतं. अंदाज दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून केलेला असतो. माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. त्या दिवसांत मी स्टुडिओत पाऊल ठेवलं नव्हतं. तिचा फोटो मेव्हण्यानं दुसऱ्या लॅबमधून मोठा करून आणला. लॅबनं डाग समजून तिच्या हनुवटीवरचा तीळ पुसला. फोटो सुरेख आहे. मी रोज त्याच्यासमोरून जातो आणि दर वेळी तो एखाद्या ओळखीच्या बाईचा वाटतो.

"कार्यक्रमाला लोक टेबलाजवळ येतात ना, फूल वाहायला?" मी विचारलं.

"येतात की. येकेक जन."

"मग मोठा कशाला हवा? सगळे जवळूनच बघणार आहेत."

ताणलेलं चित्र पुन्हा लहान केलं की डोळ्याला त्याचा धूसरपणा जाणवत नाही. मी पोस्टकार्डापेक्षा लहान प्रिंट काढला. चेहरा आवळला गेला. अर्धा दात दिसला असं मी म्हणणार नाही. पण हसण्यात तिथे एक काळा ठिपका उमटला. सुजातानं त्याच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"येवढुसा?" मिलिंद म्हणाला. "लोक म्हनतील, पोरांना मोठा फोटो जमला नाय."

"म्हनू दे," सुजाता म्हणाली.

मोठी चौकट घेतली, पांढरा पुठ्ठा कापला आणि फोटो मधोमध बसवला.

रविवारी मीही कोंडाण्याला गेलो. वंदना झाली, लोक फुलं घेऊन उठले. लांबून चौकट जवळजवळ कोरीच दिसत होती. मागच्या रांगेत कुजबुज झाली; मिलिंदनं मान खाली घातली. पण टेबलाशी येणारा प्रत्येक जण वाकत होता. फूल ठेवून लगेच सरकणारं कुणी नव्हतं. शेजारची एक म्हातारी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"अगं बाय," ती म्हणाली, "ही मला हसत्ये. माजी चप्पल चिखलात रुतली, ती काढाया गेले नि बसले मटकन. तवा हीच हसत व्हती, मेली."

मागचे लोक काय झालं म्हणून पुढे आले. म्हातारीनं सगळं पुन्हा सांगितलं. मिलिंद तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर मी भिंतीवरचा फोटो उतरवला. पत्नीचा तीळ असलेला एक जुना, लहान प्रिंट माझ्याकडे होता. तो त्याच चौकटीत बसवला. भोवती पांढरा भाग बराच उरला.

बहुतेक कॅमेऱ्यांत डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करता येतो. गिऱ्हाइकांना मी तो बंदच करायला सांगतो. पट्टी रेघेपाशी थांबली की पुढचं अंतर पायांनी तोडावं. समोरच्या बाईनं पदर घेतला तर घेऊ द्यावा. तोही फोटो ठेवण्यासारखा असतो.