बर्फाला म्हटलेलं 'येतो'

बाबांनी सदतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण हिमनदी कधी पाहिली नव्हती. आई गेल्यावर ते महिनाभर आमच्याकडे अबुधाबीला आले, तेव्हा मीच ठरवलं, ईदच्या सुट्टीत त्यांना जॉर्जियाला न्यायचं.

हिमनदी निघाली कळकट. धुळीनं माखलेला बर्फ, वर दगडगोटे. "इट्स सो डर्टी," माझी लेक म्हणाली. बाबांचा चेहरा मात्र असा उजळला की बस्स. ते गुडघे टेकून बसले, माकडटोपी वर सारली आणि कान थेट बर्फाला लावला.

"आतून पाणी वाहत असतं. वर्गात सांगत आलो, ऐकलं कधी नाही. जरा गप्प बसा."

गप्प बसणं माझ्या कुंडलीत नाही. खाली बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ऑफिसात माणसं हाकून हाकून माझ्या जिभेवर ते अरबी शब्द बसलेलेच. "यल्ला बाबा, चला, खलास! बर्फच तर आहे, आपल्या फ्रीजरमध्ये ढीगभर आहे." सगळे हसले. बाबाही हसले, पँट झटकून उठले. चार पावलं चालून मागे वळले आणि त्या बर्फाला म्हणाले, "येतो हं."

परतल्यावर आठवड्यानं त्यांना एअरपोर्टवर सोडलं. आत जाताना म्हणाले, "जातो गं." आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, परत यायचं असतं, म्हणून 'येतो' म्हणायचं. एरवी मी कुणालाही तिथल्या तिथे टोकते. त्या दिवशी ऑफिसचा फोन वाजत होता. हात हलवला आणि वळले.

घरी पोचल्यावर नवव्या दिवशी बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आता अबुधाबीत, अल रीम बेटावरच्या आमच्या एकोणतिसाव्या मजल्यावर काचेबाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन असतं, आणि स्वयंपाकघरात फ्रीजरमधला बर्फ मध्येच तडकतो. मी हातातलं काम टाकून जाते, दार उघडते आणि कान लावते.

"ममा, व्हॉट आर यू डुइंग?"

"जरा गप्प बस."

भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण दार बंद करवत नाही. 'येतो' ते बर्फाला म्हणून गेलेत. आलेच, तर तिथेच येतील.